मुरमाची वाट मुरमाचीच राहू द्या

सायकलवाल्या मित्रमंडळींत हल्ली 'ग्रॅव्हल बाइक' हा शब्द फार ऐकू येतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हँडल रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर चांगले चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि त्यात हवा जरा कमी. त्यामुळे ती डांबरावर पळते आणि खडीवर, मुरमावर हाडं खिळखिळी करत नाही. आमच्या आत्याने किंमत ऐकली आणि म्हणाली, "एवढे पैसे घालून शेवटी मातीतच चालवायची ना? तुझे आजोबा काळ्या सायकलला दुधाच्या किटल्या लावून हेच करायचे."

आत्याचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. माझा आजचा मुद्दाही तिथूनच सुरू होतो. ही सायकल ज्या वाटांसाठी आहे त्या वाटा आपल्याकडे नव्याने बांधायच्या नाहीत, त्या आहेतच. फक्त त्या बुजवू नयेत, बंद करू नयेत आणि (हे सगळ्यात महत्त्वाचं) त्यांचं 'सुशोभीकरण' करू नये.

रसायनी म्हटलं की लोकांना चिमण्या आणि टँकर आठवतात. ते खोटं नाही. 2018 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांच्या प्रदूषित पट्ट्यांची जी यादी केली, तिच्यात आमच्या पाताळगंगेचं नाव होतं. पण मोहोपाड्याच्या बाजारातून निघून सावरोली-खारपाडा रस्त्यावरचे कंटेनर चुकवत एकदा नदीकाठच्या गाडीवाटेला लागलं, की भाताची खाचरं, समोर माणिकगड, मागे प्रबळगड आणि कर्नाळ्याचा अंगठा. चढ जवळजवळ नाहीच. गुडघ्यांची तक्रार असलेल्या माझ्यासारख्याला आणखी काय हवं?

कोकणातल्या नद्या पावसाळा संपला की लवकर आटतात. मग पाताळगंगा एप्रिल-मे महिन्यात वाहती कशी? याचं उत्तर खोपोलीत आहे. टाटांचं वीजघर तिथे 1915 साली सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूला धरणांत साठवलेलं पाणी मोठाल्या नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली सोडायचं, त्यावर वीज करायची, ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची आणि वापरलेलं पाणी पाताळगंगेत सोडायचं. निसर्गाच्या हिशेबाने हे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं. ते घाट उतरून धरमतरच्या खाडीला येतं. वाटेत रसायनीचे कारखाने आणि पनवेलकडच्या पाणी योजना त्यावर जगतात.

रसायनीहून चौकमार्गे कर्जत गाठलं आणि तिथून पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी गेलं, की याच गोष्टीचा दुसरा भाग दिसतो. भिवपुरीचं वीजघर 1922 सालचं. (भिवपुरी रोड स्टेशनला उतरून शोधू नका, ते वेगळीकडे आहे.) तिथून सुटलेलं पाणी पेज नदीतून उल्हासला मिळतं आणि त्याच पाण्यावर राजनाला हा कालवा चालतो. कर्जत तालुक्यात उन्हाळ्यात हिरवं भात दिसतं ते या राजनाल्यामुळे. बाकी सगळीकडे रान करपलेलं, आणि इथे चिखलात बगळे, तारेवर खंड्या. मुंबईत कुणी पंखा लावतो म्हणून इथे भात पिकतं, असं मी पाहुण्यांना सांगतो. थोडी अतिशयोक्ती आहे, पण अगदीच चूक नाही.

कालवा आला की त्याच्या काठाने वाट येतेच. ही वाट सायकलसाठी केलेली नसते. पाटबंधारे खात्याच्या माणसाने काठाकाठाने फिरून गळती, पडझड, दारं बघावीत म्हणून ती असते. इंग्लंडमध्येही तसंच झालं. तिथल्या कालव्यांच्या वाटा नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होत्या. रेल्वे आणि ट्रकने नावांचा धंदा संपवला, पण वाटा उरल्या आणि आज त्यांवर लोक चालतात, सायकली चालवतात. आपल्याकडे मात्र वाटेचा मूळ उपयोग अजून शिल्लक आहे, आणि तो तसाच शिल्लक राहायला हवा. 27 सप्टेंबर 2018 ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला, वस्तीत पाणी शिरलं, शेकडो घरांची वाताहत झाली. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांचंही नाव घेतलं, त्यावर विनोद खूप झाले. विनोद सोडा, पण मातीचा भराव रोज कुणीतरी बघावा लागतो हे त्यातून कळलं. ज्या काठावरून माणसं रोज जातात तिथे पाझर कुणाला तरी दिसतो. ज्या काठावर झुडपं माजली किंवा कुणी कुंपण घातलं, तिथे तो फुटल्यावरच दिसतो.

कुंपणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गेल्या काही वर्षांत नदीकाठाला फार्महाऊस फार झाली. मागच्या हिवाळ्यात अशाच एका प्लॉटने नदीकडे जाणारी जुनी गाडीवाट पत्र्याने बंद केली. मला काय, सायकल वळवली आणि डांबराने घरी आलो. पण त्याच वाटेने मोळी घेऊन येणाऱ्या कातकरी बायकांना आता केवढा वळसा पडतो! त्या पत्र्यावर 'रिव्हर टच' असं लिहिलेलं आहे. नदीला टच फक्त प्लॉटवाल्याचा.

मग आमचे सायकलवाले मित्र म्हणतात, सरकारने काठाने पक्का सायकल ट्रॅक करावा. इथे माझं आणि त्यांचं बिनसतं. एकदा काँक्रीट झालं की सायकलमागे मोटरसायकल येते, तिच्यामागे डंपर. उत्तर प्रदेशात वरच्या गंगा कालव्याच्या काठाने कावड यात्रेसाठी रस्ता करायचं ठरलं. त्यासाठी लाखभर झाडं जाणार असं दिसल्यावर 2024 साली राष्ट्रीय हरित लवादाला त्यात लक्ष घालावं लागलं. यात्रेकरूंची सोय व्हावी हे कुणालाही पटेल, पण काठ रुंद होतो तो असा. मुरमाच्या वाटेचं एक बरं असतं. ती घाईच्या माणसाला आवडत नाही, त्यामुळे तिथे घाईची माणसं येत नाहीत.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. गाडी अडवायची तर अडवा, पण पायी माणूस, मोळी आणि सायकल जाईल एवढी फट ठेवा. दरवर्षी पावसाळ्यानंतर खड्ड्यांत मुरूम टाका. बाकी काही करू नका.

आपणही काही पाळायला हवं. पावसात आणि त्यानंतर महिनाभर काठावर सायकल नको. ओल्या भरावात चाकाची चाकोरी पडते, तिच्यात पाणी साचतं आणि माती सुटते. पायऱ्यांवर बायका कपडे धूत असतील, कुणी अंघोळ करत असेल, तर लांबूनच घंटी वाजवायची, उतरायचं, "मावशी, जाऊ का पुढे?" म्हणून विचारायचं आणि खाली बघून चालत जायचं. कॅमेरा खिशात. त्यांचं न्हाणीघर ते, आपण तिथून जाणारे. पाटावरच्या माणसाने आज जाऊ नका म्हटलं तर वाद घालायचा नाही. एवढं केलं तर आपलं कुणाला ओझं होत नाही, उलट "काल तिथे जरा पाणी झिरपत होतं" असं त्याला सांगण्याइतकी ओळख होते.

बघा पटतंय का. डिसेंबर-जानेवारीत ज्यांना यायचं त्यांनी कळवा, काठाने फिरवून आणतो. लाखाची सायकल हवीच असं नाही, घरातली काळी सायकलही चालेल. पंक्चरचं सामान मात्र बरोबर ठेवा, बाभळीचा काटा किंमत बघून टोचत नाही.