उपग्रह जागा सांगतो, रस्ता नव्हे

२९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून इस्रोचे शंभरावे उड्डाण झाले. प्रक्षेपण यशस्वी ठरले, परंतु त्यातून गेलेला एनव्हीएस-०२ हा ‘नाविक’ मालिकेतील उपग्रह झडप न उघडल्यामुळे नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत माहिती दिली, ती अशी : आजवर पाठवलेल्या ११ उपग्रहांपैकी चार स्थाननिश्चितीची सेवा देत आहेत, चार केवळ एकतर्फी संदेश प्रसारित करण्यासाठी वापरले जातात, एक निवृत्त झाला आहे आणि दोन अपेक्षित कक्षेत पोहोचलेच नाहीत.

विज्ञानविषयक वाचनाची आवड असलेल्यांमध्ये यावर बरीच चर्चा झाली. त्या चर्चेत एक वाक्य वारंवार आढळते : ‘स्वदेशी नाविक पूर्णपणे सुरू झाले, की गाड्या चुकीच्या रस्त्याने नेणाऱ्या परदेशी यंत्रणांपासून आपली सुटका होईल.’ आमच्या ब्राह्मणपाऱ्यातील मराठी घरांतही हा प्रश्न दर सुट्टीला निघतो, कारण नातेवाईक नागपूर, अमरावती, पुण्यापर्यंत पसरलेले आणि जगदलपूरची सहल तर ठरलेलीच. कुटुंबाला घेऊन निघायचे, तर कोणती यंत्रणा घ्यावी? जीपीएसची की नाविकची? गाडीतल्या पडद्यावरची की फोनमधली? माझे मत असे, की हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो.

प्रथम उपग्रह नेमके काय करतो ते पाहू. दिशादर्शक उपग्रह म्हणजे आकाशात फिरणारे एक अत्यंत अचूक घड्याळ. तो सतत सांगत असतो, ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता अमुक वेळ झाली आहे.’ तुमच्या फोनमधील ग्राहक तो संदेश पोहोचायला लागलेला वेळ मोजतो आणि त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणून अंतर काढतो. स्थानाचे तीन सहनिर्देशक आणि फोनच्या साध्या घड्याळातील चूक, अशा चार अज्ञात राशी असल्यामुळे किमान चार उपग्रह लागतात. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरांची चूक होते.

म्हणूनच येथे आइन्स्टाइनला टाळता येत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील जीपीएस उपग्रहाचे घड्याळ, तेथील गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे, दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते आणि उपग्रहाच्या वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर अंतराच्या मोजणीत दिवसाला ११ किलोमीटरांहून अधिक चूक साचेल. ही दुरुस्ती चोख होते. त्यामुळे मोकळ्या आकाशाखाली साधा फोनही आपली जागा सुमारे पाच मीटरांच्या आत सांगतो.

नाविकच्या अडचणीही घड्याळाच्याच आहेत. २०१३ साली गेलेल्या पहिल्या उपग्रहातील तिन्ही आयात केलेली रुबिडियम घड्याळे बंद पडली. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये प्रथमच देशात तयार केलेले आण्विक घड्याळ बसवले गेले. ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. संकटकाळी दुसऱ्या देशाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागू नये, खोल समुद्रातील मच्छीमारांना इशारा मिळावा, यासाठी नाविक हवेच आणि त्यासाठी उपग्रह वेळेवर गेलेच पाहिजेत. मात्र घरच्या गाडीपुरते बोलायचे, तर आजचा बहुतेक फोन जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायदू आणि काही फोन नाविकही एकाच वेळी ऐकतात. निवड तुम्हाला करावीच लागत नाही.

मग गाड्या भरकटतात कशामुळे? जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्रीच्या वेळी अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. नकाशा जो रस्ता दाखवत होता, त्यावरील पूल वर्षातील काही महिने पाण्याखाली असतो. चालकाचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात, बरेली आणि बदायूं यांच्या दरम्यान, रामगंगेवरील तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे दगावले. पुलाचा भाग आधीच्या पुरात वाहून गेलेला होता, नकाशात मात्र तो शाबूत होता. या दोन्ही ठिकाणी गाडी कुठे आहे, हे उपग्रहांनी बहुधा बरोबरच सांगितले असेल. खोटा होता तो रस्ता.

येथे संगणकशास्त्राचा भाग येतो. नकाशा म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. दोन बिंदूंमधील सर्वांत कमी खर्चाचा मार्ग शोधण्याची रीत डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली आणि आजच्या यंत्रणा तिच्याच सुधारित रूपांवर चालतात. ही रीत निर्दोष आहे. परंतु जाळ्यात एक खोटी रेषा असेल, तर तीही निष्ठेने निवडली जाईल. किंबहुना नसलेला पूल हा नेहमीच मोठा ‘शॉर्टकट’ असतो!

याहून गंभीर बाब निराळीच आहे. वाहतुकीची माहिती बव्हंशी रस्त्यावरील फोनांकडूनच येते. रायपूर-नागपूर हा सुमारे ३०० किलोमीटरांचा राष्ट्रीय महामार्ग हजारो फोन सतत तपासत असतात, त्यामुळे तेथील चूक लवकर उघडी पडते. केशकाल घाट ओलांडून बस्तरच्या आतल्या भागात गेलात, की फोन विरळ होतात. तेथे बंद रस्ता आणि निर्मनुष्य रस्ता यांत यंत्रणेला सहज फरक करता येत नाही. म्हणजे जेथे मदत सर्वांत दूर, तेथेच नकाशा सर्वांत दुबळा.

याचा अर्थ ही साधने टाकून द्यावीत असा नाही. पूर्वी पानटपरीवर विचारलेला पत्ताही चुकत असे, आणि रात्री अनोळखी गावात वाट शोधणाऱ्या कुटुंबांना या साधनांनी फार मोठा आधार दिला आहे. आग्रह इतकाच, की यंत्रणा निवडताना ती कोणाचे उपग्रह वापरते हे विचारण्याआधी तिचा नकाशा कोण, किती वेळा आणि कशाच्या आधारे सुधारतो, हे विचारावे. गाडीतील महागडा पडदा घेताना नकाशाच्या अद्ययावतीकरणाचे पैसे किती वर्षांनी पुन्हा भरावे लागतील, याची चौकशी करावी. निघण्याआधी प्रवासाच्या संपूर्ण पट्ट्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा आणि मोबाइल डेटा बंद करून घराजवळच तपासून पाहावा. स्थान कळण्यासाठी इंटरनेट लागत नाही, लागतो तो नकाशा दाखवण्यासाठी. पडदा पाहण्याचे काम चालकाच्या शेजारी बसलेल्याकडे असावे. आणि पावसाळ्यात किंवा अंधारात, बारा मिनिटे वाचवण्यासाठी महामार्ग सोडून देणारा सल्ला नाकारावा. शंका आल्यास थांबून स्थानिकांना विचारावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांकही आहे.

परंतु सगळा भार प्रवाशावर टाकणे अन्यायाचे ठरेल. पूल वाहून गेला, हे पहिल्याने कोणाला कळते? बांधकाम खात्याला आणि स्थानिक प्रशासनाला. ती माहिती फाइलमध्ये राहते, फार तर वर्तमानपत्रातील एका चौकोनात येते. बंद पूल, पाण्याखालचे रस्ते आणि अपूर्ण उड्डाणपूल यांची रोज अद्ययावत होणारी, संगणकाला थेट वाचता येईल अशी खुली यादी प्रत्येक राज्याने प्रसिद्ध करावी आणि नकाशे पुरवणाऱ्या सर्व कंपन्यांना ती वापरणे बंधनकारक असावे. शिवाय जागेवर भक्कम अडथळा आणि फलक हवाच, कारण प्रत्येकाच्या हातात फोन नसतो. एका उपग्रहाच्या तुलनेत याचा खर्च नगण्य आहे. त्याला उलटगणती नाही आणि थेट प्रक्षेपणही नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही, इतकेच.

विद्यार्थी मित्रांनो, ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कोणालाही दुरुस्त करता येतो. या पावसाळ्यात आपापल्या तालुक्यातील पाण्याखाली जाणारे पूल नोंदवा, छायाचित्र काढा, तारीख लिहा, नकाशात दुरुस्ती करा आणि तीच यादी बांधकाम खात्याला लेखी द्या. मोजमाप करणे आणि ते जगासमोर ठेवणे हेही विज्ञानच आहे, आणि येथे त्याचा हिशेब थेट माणसांच्या जिवाशी आहे.