रिळे डब्यातून बाहेर काढा

मा. संपादक,


फिल्मवर चित्रित झालेल्या स्वतंत्र लघुपटांचा विषय निघाला की हल्ली एकच उत्तर मिळते : डिजिटल प्रत काढून इंटरनेटवर टाका, ज्याला पाहायचे तो पाहील. मला हे मान्य नाही. हे लघुपट फिल्मवरच, प्रोजेक्टर लावून, वस्तीतल्या माणसांना एकत्र बसवून दाखवले पाहिजेत. लखनौच्या निशातगंजमधून मी ही मागणी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आणि आता ते ज्याच्या अखत्यारीत आहे त्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे करतो आहे.

आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच लघुपटांनी झाली. सावेदादा भाटवडेकरांनी 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी ‘अंकुराची वाढ’ टिपली आणि ती दाखवून भांडवल उभे केले. पाठीशी कोणी मोठी कंपनी नव्हती. घरात सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडत, फिल्म धूत. पदरमोड करून छोटा सिनेमा काढायचा आणि तो माणसांसमोर ठेवायचा, ही वाट तेव्हापासूनची आहे.

त्याच वाटेवर आनंद पटवर्धनांचा ‘क्रांती की तरंगें’ येतो. 1974 च्या बिहार आंदोलनावरचा हा जेमतेम अर्ध्या तासाचा माहितीपट. साधने इतकी तुटपुंजी की सुपर 8 वर टिपलेली दृश्ये पडद्यावर पाडून ती पुन्हा 16 मिमी कॅमेऱ्याने चित्रित करावी लागली. आणीबाणीत तो उघडपणे दाखवता येत नव्हता. प्रिंटचे तुकडे करून ते देशाबाहेर धाडले गेले आणि तिकडे पुन्हा जोडले गेले. चित्रातला जाड दाणा, मध्येच हलणारी चौकट या सगळ्यात तो काळ उतरला आहे. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर तोच दाणा नुसता खराब प्रतीचा दोष वाटतो. पडद्यावर, शंभर माणसांत बसून पाहताना तो पुरावा ठरतो, आणि दिवे लागल्यावर त्यावर बोलणे सुरू होते. बिहार आमच्या शेजारचा. ते आंदोलन पाहिलेली माणसे आमच्या भागात अजून आहेत. त्यांच्या शेजारी विशीतली मुले बसावीत, यासाठी तर सामूहिक खेळ हवा.

फिल्मवर काम करण्याला एक शिस्त असते, तीही प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. 16 मिमीचे शंभर फुटांचे रीळ पावणेतीन मिनिटांत संपते. प्रत्येक शॉटला पैसे मोजावे लागतात, म्हणून काय टिपायचे आणि काय सोडायचे हे कॅमेरा सुरू करण्याआधीच ठरवावे लागते. प्रोजेक्टरवर रीळ चढवताना फिल्म दातेरी चक्रांवरून घेऊन गेटमध्ये बसवतात आणि वर-खाली थोडी सैल ठेवतात. हा सैलपणा कमी पडला की चित्र उड्या मारू लागते. मुलांनी हे एकदा जवळून पाहिले, तर सिनेमा हाताने घडतो हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

‘लोकांना असले सिनेमे कळणार नाहीत’ हा आक्षेप तर कधीच निकालात निघाला आहे. कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम या संस्थेने 1970 च्या दशकातच गावकऱ्यांना ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’ दाखवले आणि गावकऱ्यांनी ते मनापासून पाहिले. पुण्याचे संग्रहालय त्या काळी फिल्म सोसायट्यांना 16 मिमीच्या प्रिंट पाठवत असे. म्हणजे मी नवे काही मागत नाही. चालू असलेली गोष्ट थांबली, ती पुन्हा सुरू करा, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : प्रत्येक खेळाला प्रिंट झिजते, ओरखडे पडतात. खरे आहे. म्हणून ज्याची निगेटिव्ह सुरक्षित आहे आणि ज्याच्या एकाहून अधिक प्रिंट आहेत, असेच लघुपट फिरवावेत. एकुलती एक प्रिंट कपाटातच राहू द्यावी, तिची डिजिटल प्रत दाखवावी. पण डब्यात बंद ठेवली म्हणून फिल्म टिकते असेही नाही. उष्ण आणि दमट हवेत अ‍ॅसिटेट फिल्म कुजते. डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस वास येतो, फिल्म आकसते आणि मग ती दात्यांवर बसतच नाही. फिरत्या प्रिंटचा डबा निदान वरचेवर उघडला जातो, ती तपासली जाते. लखनौचा उन्हाळा फिल्मला मानवणारा नाही, हेही खरे. तेव्हा खेळ कार्तिक ते फाल्गुन एवढ्याच काळात ठेवावेत.

जागेचा प्रश्न नाही. निशातगंजच्या पेपर मिल कॉलनीत कैफी आझमी अकादमी आहे. कैफी ज्या इप्टाचे, म्हणजे भारतीय जननाट्य संघाचे, त्याच इप्टात शाहीर अण्णा भाऊ साठे आणि अमर शेखही होते. कला लोकांच्या दारी नेण्याचा हा वारसा मुंबई आणि लखनौ या दोन्ही शहरांचा आहे. जे इथे जमेल, ते नांदेड, रत्नागिरी, बेळगावातही जमेल.

म्हणून तीन मागण्या. संग्रहालयाने फिरवण्याजोग्या लघुपटांची यादी जाहीर करावी. प्रिंटसोबत प्रोजेक्टर आणि तो चालवणारा जाणकार पाठवावा. आणि त्या जाणकाराच्या हाताखाली प्रत्येक शहरातली दोन-चार मुले तयार करावीत, कारण हे काम जाणणारी पिढी आता थकत चालली आहे.

2022 मध्ये केंद्र सरकारने चित्रपटांच्या जतन-पुनरुज्जीवनासाठी 363 कोटी रुपये जाहीर केले. हा पैसा जनतेचा आहे. जतन केलेला सिनेमा जनतेला पाहायला मिळत नसेल, तर ते जतन अर्धेच झाले. उरलेले अर्धे काम पडदा बांधून, माणसे जमवून करायचे आहे. त्यासाठी वस्तीतले आम्ही तयार आहोत. संग्रहालयाने डबे पाठवावेत.

आपला,
एक वाचक
निशातगंज, लखनौ