प्लॉट पाडले, पण शाळेला जागा ठेवली का?



बाजरीची पेरणी उरकली. दोन दिवस उघडीप आहे, म्हणून आज पिकाबद्दल नाही, वेगळं लिहितो. जरा मोठं होईल, पण शेवटपर्यंत वाचा.

शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी डेअरीला दूध घालून येताना मी हायवेच्या कडेला गाडी उभी करतो. पलीकडच्या प्लॉटिंगमधली पोरं गावातल्या जिल्हा परिषद शाळेत निघालेली असतात. मोठी बहीण, तिच्या हाताला धाकटा भाऊ, दोघांच्या पाठीवर दप्तर. दुभाजकाच्या फटीत थांबायचं आणि कंटेनर गेला की पळायचं. मी हात दाखवून गाड्या थांबवतो. काही थांबतात, काही हॉर्न देऊन जातात. मागच्या वर्षी तिथंच दुसरीतल्या एका पोरीला मोटारसायकलची धडक बसली. पाय मोडला. तीन महिने घरी होती, मग आईबापानं तिला गावाकडं आजीपाशी पाठवून दिली. ती काय परत आली नाही.

आता खरं सांगतो. त्या प्लॉटिंगमधली बरीच जमीन माझी होती. आमचं गाव पुणे-नगर रोडला, रांजणगावची एमआयडीसी जवळ. दहा-बारा वर्षांपूर्वी भाव आला तसं आम्ही हायवेपलीकडचं जिराईत विकायला काढलं. अकरा गुंठ्यांचं सामाईक खरेदीखत करायचं आणि आत दहा जणांनी गुंठा-गुंठा वाटून घ्यायचा. तुमच्याकडंही असंच झालं असणार. त्या पैशात माझी पाइपलाइन झाली, थोरलीचं लग्न झालं. मला पश्चात्ताप विकल्याचा नाही. विकताना रस्ता सोडला, पाण्याची टाकी कुठं बसेल ते पाहिलं, देवळालासुद्धा कोपरा ठेवला. शाळेचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मंजूर ले-आउट केला असता तर मोकळी जागा सोडावीच लागली असती. आम्ही ती कटकटच टाळली होती.

आज तिथं दोनशेच्या वर घरं आहेत. मराठवाड्यातले, बिहारचे, यूपीचे, आपल्याच तालुक्यातले. अंगणवाडी एका भाड्याच्या खोलीत भरते. सेविकाताईंच्या रजिस्टरवरून आणि घरोघर फिरून आम्ही मोजणी केली. सहा ते अकरा वयाची 43 मुलं निघाली.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. आपल्या राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा चालत एक किलोमीटरच्या आत पाहिजे आणि त्यासाठी वस्तीत किमान 20 मुलं पाहिजेत, असं आहे. आमच्याकडं अंतर पावणेदोन किलोमीटर आणि मधे चार पदरी हायवे. म्हणजे मागणी नियमात बसते. कागद घेऊन गेलो तर साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "जागा आहे का?" मी गप्प झालो. सगळी जागा तर आम्ही विकून बसलो होतो.

गावात दोन बोलणी ऐकू येतात. पहिलं असं की, "जिल्हा परिषदेच्या शाळा बंद पडायला लागल्यात आणि तुम्ही नवी कशाला मागता?" अहो, जिथल्या पडतायत तिथली पोरं बाहेर गेलीत. ती गेली कुठं? आपल्याकडंच आली ना! विहीर आटली तिथली मोटर काढून पाणी लागलं तिथं बसवतोच की आपण. पटसंख्या कमी म्हणून एकीकडं शाळा मिटवायची आणि दुसरीकडं पट तयार असताना उघडायची नाही, हा कुठला हिशोब?

दुसरं बोलणं जास्त लागतं. "ती भाडेकरूंची पोरं, आज आहेत उद्या नाहीत. इंग्लिश मीडियमची व्हॅन येते की." व्हॅन येते, पण कुणाच्या दारात? ज्याला फी झेपते त्याच्या. ज्याचा बाप कंत्राटावर आहे आणि आई आपल्या कांदा काढणीला येते, त्याच्या दारात नाही. आपला कांदा त्यांच्या हातावर निघतो. त्यांच्या भाड्यावर गावात कितीतरी जणांचे हप्ते फिटतात. मग त्यांची पोरं तेवढी परकी कशी? आणि हायवे ओलांडणाऱ्यांत आपल्या भावकीची पण सात-आठ आहेत.

मी दहावी झालो ते रयतच्या शाळेत. रोज चार किलोमीटर चालत जायचो. भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावात संस्था काढली, ती काय सरकारच्या पैशाची वाट बघत नाही. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांसाठी अंगावरचे दागिने दिले. गावोगावच्या लोकांनी धान्य दिलं, जागा दिल्या. आपण सगळे त्या जागांवर शिकलोय. म्हणजे सरकारनं करू नये असं मी म्हणत नाही. खोल्या बांधणं, शिक्षक देणं त्यांचंच काम. साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, शिक्षकामागं एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळं शौचालय, पाणी, खिचडीची खोली, मैदान, भिंत, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे आणि ते भांडून घ्यायचं. पण जागा नाही म्हटलं की फाइल तिथंच झोपते. ते निमित्त आपणच हातात देतो.

म्हणून हायवेपलीकडं राहिलेल्या माझ्या तुकड्यातले पाच गुंठे मी द्यायचं ठरवलंय. घरात सरळ झालं नाही. पोरगा म्हणाला, "आण्णा, वीस लाखाचं रान आहे ते." खोटं नाही बोलला. मंडळी एवढंच म्हणाल्या, "त्या फटीत रोज उभं राहणार आहात का जन्मभर?" पोरगा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच टेप घेऊन मोजायला आला. पाच गुंठ्यांत मैदान बसत नाही. शेजारच्या बांधकऱ्यानं पाच दिले तर दहा होतील. ते अजून हो म्हणाले नाहीत. मी जातोय, बसतोय, चहा पितोय.

एक सावधगिरी मात्र घ्या. माझ्या आज्यानं गावातल्या शाळेला जागा दिली ती तोंडी. सातबारा आजही आमच्याच नावावर. उद्या एखाद्या वारसानं हरकत घेतली तर शाळा कोर्टात. म्हणून द्यायची तर रजिस्टर बक्षीसपत्र करूनच द्या, फेरफार मंजूर करून सातबाऱ्यावर जिल्हा परिषदेचं नाव लागलेलं डोळ्यांनी बघा. मुलांची यादी, अंतर आणि जागेचा कागद जोडून ग्रामसभेत ठराव घ्या. आमचा ठराव 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडतोय.

ज्यांच्या गावात अजून प्लॉटिंग सुरू व्हायचंय त्यांना हात जोडून सांगणं आहे. मोजणीवाला येईल त्या दिवशी रस्त्याबरोबर शाळेची जागा आखा. तेव्हा ती दोन-चार जणांत वाटून जाते, कुणाला जड होत नाही. नंतर एकेक गुंठा काढताना जीव जातो, ते मी आत्ता भोगतोय.

तुमच्याकडं कुणी शाळेला जागा दिली असेल तर कागद कसे केले ते खाली लिहा, आम्हाला उपयोग होईल.

वाफसा झालाय. कांद्याचं रोप टाकायचंय. निघतो.