अनुदान मंजूर झाले; हिशेब कोण लिहिणार?

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून आपल्या सभासंमेलनांतून एक मागणी सातत्याने ऐकू येते : संशोधनासाठी निधी द्या. बोलींच्या नोंदीसाठी द्या, मोडी कागदपत्रांसाठी द्या, शिलालेखांसाठी द्या. मागणी रास्त आहे आणि तीत आमचाही आवाज आहे. परंतु मंजूर झालेला निधी सांभाळायचा कसा, याविषयी आपल्यापैकी कोणी चकार शब्द काढीत नाही. आमचे म्हणणे असे की, सरकारी अनुदानाचा काटेकोर हिशेब ठेवणे हेही मराठीचेच काम आहे. जो ते हलके मानतो, तो व्यासपीठावरून कितीही जयघोष करो, मराठीचे नुकसानच करतो.

चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. मंजुरीचे पत्र आले की सत्कार होतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. मंजुरी आदेशातील अटी मात्र कोणी वाचीत नाही. पहिला हप्ता संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात मिसळून जातो. ध्वनिमुद्रक विकत घेतला जातो, पण जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद होत नाही. प्रवासासाठी मंजूर झालेली रक्कम विनापरवानगी छपाईवर खर्च होते. मार्च उजाडला की पावत्यांची शोधाशोध सुरू होते. उपयोगिता प्रमाणपत्र लांबते, दुसरा हप्ता अडतो, मानधन थकलेला प्रकल्प सहायक दुसरी नोकरी धरतो आणि निम्मी ध्वनिमुद्रणे लिप्यंतराविना पडून राहतात. मग आपण म्हणतो, दिल्लीने मराठीवर अन्याय केला!

अन्याय कोठे झाला असेल तेथे जरूर भांडावे. पण नियम ठाऊक नसणे म्हणजे अन्याय नव्हे. केंद्राचे सामान्य वित्तीय नियम 2017 पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. अनुदानाच्या रकमेवर मिळालेले व्याज संस्थेचे नसते. ते भारताच्या संचित निधीत भरावे लागते. अनुदानातून घेतलेली मालमत्ता मंजुरी देणाऱ्याच्या संमतीवाचून विकता येत नाही. अनुदान घेणाऱ्या संस्थेचे हिशेब मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला व भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांना तपासता येतात. यांतील एकही अट मराठीसाठी म्हणून घातलेली नाही. तमिळ, कन्नड, तेलुगू, ओडिया या भाषांच्या संशोधकांनाही त्याच अटी आहेत.

यावर कोणी विचारील, संशोधकाने संशोधन करावे की कारकुनी? प्रश्न ऐकायला भारदस्त वाटतो, पण पोकळ आहे. बोलीचे क्षेत्रकार्य करणारा अभ्यासक प्रत्येक ध्वनिमुद्रणाला गाव, तारीख आणि बोलणाऱ्याचे वय लिहितोच. न लिहिले तर ते ध्वनिमुद्रण निरुपयोगी ठरते. खर्चाची नोंद ही त्याच शिस्तीची दुसरी बाजू आहे. ज्या वहीत कोणत्या दिवशी कोणत्या गावी गेलो हे नाही, त्या वहीतील शब्दसंग्रहावर तरी विश्वास कोणी ठेवावा?

आम्हा सीमाभागातील लोकांना तर हे सांगावे लागू नये. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या सूत्रांवर आपली मागणी उभी आहे. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तोही कागदोपत्री पुराव्याच्या बळावर. ज्यांनी गावोगावच्या नोंदी प्राणपणाने जपल्या, त्यांनी आपल्याच संशोधनाचा हिशेब पिशवीत कोंबलेल्या पावत्यांवर सोडावा, हे कोणत्या तोंडाने समर्थनीय म्हणावे?

महाराष्ट्राबाहेर या बेफिकिरीची किंमत अधिक आहे. पुण्यात एका संस्थेचा हिशेब अडला तर काम पुढे नेणाऱ्या दुसऱ्या संस्था आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे अशा संस्था मोजक्याच. मागील अनुदानाचा हिशेब मिळाल्याखेरीज पुढील रक्कम सुटत नाही. त्यामुळे एका प्रकल्पाच्या ढिलाईने साऱ्या शहराच्या मराठीचे दार बंद होऊ शकते. शिवाय तंजावर मराठीसारखी बोली घरोघरी जपणारी वृद्ध पिढी दुसऱ्या हप्त्याची वाट पाहत थांबणार नाही. अडलेला पैसा दोन वर्षांनी मिळेलही. न टिपलेला आवाज मिळणार नाही.

मंजुरी देणाऱ्यांनाही आम्ही मोकळे सोडीत नाही. हप्ता फेब्रुवारीत सोडायचा आणि 31 मार्चच्या आत खर्च दाखवा म्हणायचे, हा कोणता न्याय? खेड्यातील आजीबाई चार तास ओव्या सांगते, मानधन घेते आणि अंगठा उठवते. तिच्याकडे छापील बिल मागणाऱ्या लेखापरीक्षकाला क्षेत्रकार्य म्हणजे काय हे कोणी सांगायचे? अंगठ्याची पावती, गावच्या शिक्षकाची साक्ष आणि ध्वनिमुद्रणाचा क्रमांक एवढे पुरेसे मानावे, ही तरतूद मंजुरी आदेशातच हवी. ती पैसा आल्यावर नव्हे, स्वीकृती देण्यापूर्वी मागून घ्यावी.

म्हणून आमचा आग्रह असा. प्रस्ताव लिहितानाच लेखापाल व लेखापरीक्षण यांची रक्कम मागावी. पहिल्याच दिवशी मंजुरी आदेश सर्व सहकाऱ्यांपुढे मराठीत समजावून सांगावा. प्रकल्पाची रोखवही स्वतंत्र ठेवावी आणि महिन्याच्या महिन्याला बँकेच्या नोंदींशी ताडून पाहावी. एका शीर्षाची रक्कम दुसरीकडे वळविण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. प्रत्येक हप्त्याच्या हिशेबासोबत तोवरच्या ध्वनिमुद्रणांची प्रत निदान एका अन्य ग्रंथालयात ठेवावी. आणि महाराष्ट्र शासनाला बृहन्महाराष्ट्रासाठी खरोखर काही करायचे असेल, तर आणखी एका संमेलनाच्या मांडवाऐवजी या संस्थांना सामाईक लेखापाल द्यावा आणि सर्व नमुने मराठीत छापून द्यावेत.

पुढच्या सत्कारसभेला जाल तेव्हा सत्कारमूर्तीला एवढेच विचारा : मागील हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेले का? गेले असेल, तर हार अवश्य घाला.