रिकाम्या गाडीचा धूर

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या 61 क्रमांकाच्या महामार्गावरून जुन्नर-ओतूरची भाजी घेऊन गाड्या घाट उतरतात. कल्याण किंवा वाशीच्या बाजारात माल उतरवला, की परतीचे भाडे मिळेलच याची खात्री नसते. वाटेत मुरबाडची एमआयडीसी आहे. तिथला घाटमाथ्याकडे जाणारा माल या परतणाऱ्या गाड्यांत चढू शकतो, पण कारखान्याचा ट्रान्सपोर्टर वेगळा, भाजीची गाडी वेगळी आणि दोघांची गाठ घालून देणारे कुणी नाही. शहापूर तालुक्यात वाशिंद, आसनगावकडच्या गोदामांचेही तेच. भिंतीला भिंत लागून गोदामे आहेत, तरी प्रत्येकाची गाडी आपापली येते आणि आपापली जाते.

एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. रिकामा ट्रक लिटरला पाच किलोमीटर धावतो असे धरले, तरी शंभर किलोमीटरच्या परतीला 20 लिटर डिझेल जळले आणि 54 किलो वायू हवेत गेला. तोही किलोभर माल न हलवता! डिझेलचा हा खर्च बहुधा गाडीमालकाच्याच खिशातून जातो, आणि तो अनेकदा एकाच गाडीवर जगणारा आणि तिचे हप्ते फेडणारा माणूस असतो.

राज्याने ऑगस्ट 2024 मध्ये लॉजिस्टिक धोरण मंजूर केले. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्ग शहापूर ओलांडून आमणेपर्यंत खुला झाला. धोरण मिळाले, रस्ता मिळाला; गाडी भरून चालली आहे का, हा प्रश्न मागेच राहिला. विजेवरचे ट्रक यायला हवेत, यात शंका नाही. पण आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. रिकाम्या फेऱ्या तशाच राहिल्या, तर धूर रस्त्यावरून उठून औष्णिक केंद्राच्या चिमणीत जाईल, एवढेच.

कंपन्या एकत्र येत नाहीत, कारण दर आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याला कळण्याची भीती. ती खोटी नाही. मात्र गाडी भरायला दर सांगावाच लागत नाही. कुठून कुठे, केव्हा आणि किती टन, एवढे पुरते. ही नोंद मालवाहतूकदारांच्या संघटनेने किंवा औद्योगिक संघटनेने ठेवावी, कोणा एका बड्या कंपनीने नव्हे. याच तालुक्यांत भातलावणीला एकमेकांच्या शेतात सावडीने राबणारी माणसे आहेत. त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने जुलै 2023 मध्ये अडीचशे मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना आपल्या पुरवठा-विक्रीच्या साखळीतल्या भागीदारांचाही पर्यावरणीय हिशेब जाहीर करायला सांगितले होते. मार्च 2025 मध्ये ते ऐच्छिक केले. हे चुकले. सक्ती असती, तर मुंबईतल्या मुख्यालयाला आसनगावच्या फाटकातून रिकामी निघणारी गाडी दिसली असती. आता निदान राज्याने तरी लॉजिस्टिक धोरणातल्या सवलती देताना गोदामांना परतीच्या मालाची सामाईक नोंद बंधनकारक करावी. आणि वाचलेल्या डिझेलच्या पैशातला ठरावीक वाटा गाडीमालकाला मिळेल, हे करारातच लिहून घ्यावे. नाहीतर फेऱ्या कमी झाल्या म्हणून त्याचेच भाडे कापले जाईल.