वेबसाइटची नोंद डेडस्टॉकला करा

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात सकाळी सव्वासातला एका वाचनालयाच्या सचिवांचा फोन आला. "ताई, साइट गेली. पत्रकावरचा कोड स्कॅन केला की एकच ओळ येतेय, काहीतरी गंभीर बिघाड म्हणून." त्यांच्या शारदीय व्याख्यानमालेची दोन हजार पत्रकं आदल्याच दिवशी वर्तमानपत्रांत घालून घरोघरी गेली होती. वक्त्यांचा परिचय, वेळा, सभागृहाचा नकाशा, सगळं त्या कोडमागे ठेवलेलं. संध्याकाळी सहाला पहिलं व्याख्यान.

मी सांगलीत राहते. आधी बरीच वर्षं डीटीपी केलं, दिवाळी अंकांची पानं लावली. अकरा वर्षांपासून वर्डप्रेसवरच्या वेबसाइट सांभाळते. सध्या सतरा आहेत. तीन वाचनालयं, दोन शाळा, एक दिवाळी अंक, एक ठिबक सिंचनाचं दुकान, बाकीच्या अशाच छोट्या. यांतल्या कुणाकडे स्वतःचा संगणकवाला माणूस नाही. काही अडलं की फोन मला येतो.

त्या सकाळी झालं होतं असं. होस्टिंगवाल्यांनी रात्रीत सर्व्हरवरची पीएचपी ७.४ वरून ८ वर नेली होती. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती ही पीएचपी. ७.४ ची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली होती, म्हणजे बदल करायला हवाच होता, त्यात त्यांची चूक नाही. पण वाचनालयाची थीम २०१४ सालची. तिच्यात 'क्रिएट_फंक्शन' नावाचा एक जुना शब्द एका ओळीत वापरलेला, आणि पीएचपी ८ मधून तो शब्दच काढून टाकलाय. त्या एका ओळीपाशी अख्खी साइट अडली. ओळ बदलायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत.

त्या ओळीपर्यंत पोचायला मात्र दुपारचे दोन वाजले. होस्टिंगचं खातं सचिवांच्या भाच्याच्या नावावर होतं. साइट त्यानेच कॉलेजात असताना हौसेने आणि चांगली बनवून दिली होती. आता तो पुण्यात नोकरीला. पासवर्ड कुणाला ठाऊक नाही, नवा मागवला तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि तो मीटिंगमध्ये. पीएचपी बदलणार असल्याची सूचना महिनाभर आधी आली होती, तीही त्याच्याच जुन्या ईमेलवर. तो पत्ता त्याने उघडून दोन वर्षं झाली होती. सचिव दर अर्ध्या तासाने फोन करत होते आणि मी त्यांना दर वेळी तेच सांगत होते, की ओटीपी आला की लगेच करते.

अकरा वर्षांत माझे जे दिवस वाया गेले, त्यांतले बहुतेक असे गेले आहेत. प्रोग्रॅममधला दोष सापडतो. किल्ली सापडत नाही.

वर्डप्रेसबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, हे आधी सांगते. २००३ साली मॅट मलनवेग हा अमेरिकेतला १९ वर्षांचा मुलगा आणि इंग्लंडमधले माइक लिटल यांनी ते सुरू केलं, तेही शून्यातून नव्हे. मिशेल वाल्द्रिगी यांचा 'बी२' नावाचा प्रोग्रॅम होता, त्याचं काम थांबलं होतं. त्याचा परवाना मुक्त असल्याने या दोघांना तो उचलून पुढे नेता आला. त्याच परवान्यामुळे सांगलीत बसून मला त्या थीममधली ओळ दुरुस्त करता आली, कुणाला विचारावं लागलं नाही, पैसे भरावे लागले नाहीत. आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट यावर चालतात. नऊ हजार पुस्तकांची यादी लोकांना घरबसल्या बघता येईल असं काही विकत घ्यायला आमच्या वाचनालयाला कधीच परवडलं नसतं.

पण त्रास आहेत, आणि मराठीत साइट चालवणाऱ्याला दोन जास्तच आहेत. लेखाच्या शीर्षकावरून वर्डप्रेस त्याचा पत्ता आपणहून बनवतं आणि त्या पत्त्याला जागा देतं २०० अक्षरांची. इंग्रजीला ती पुरून उरते. देवनागरीत काना, वेलांटी, हलन्त सगळी वेगवेगळी अक्षरं म्हणून मोजली जातात, प्रत्येकाचे ३ बाइट, आणि पत्त्यात दर बाइटला टक्क्याचं चिन्ह व पुढे दोन खुणा. एका अक्षराला ९ जागा गेल्या. म्हणजे जेमतेम २२ अक्षरं. दिवाळी अंकातल्या एका लेखाचं शीर्षक होतं 'आमच्या गावची जुनी वाचनालये आणि त्यांचे वाचक'. पत्ता तयार झाला 'आमच्या-गावची-जुनी-वाचनाल'. लेखक वयाने मोठे, त्यांना ते फार लागलं. वर तोच पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ दिसते, आणि लोक व्हायरस समजून तिला हात लावत नाहीत. म्हणून मी प्रत्येक लेखाला हाताने छोटा रोमन पत्ता देते. अंक मराठी, लेख मराठी, आणि पत्ते रोमन. दर वर्षी ते करताना मला वाईट वाटतं.

दुसरा त्रास ऱ्या-चा. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी साठवला जातो, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात एक तऱ्हा, आज मोबाइलवर टाइप केलेल्यात बहुधा दुसरी. शोधायला गेलं की अर्धे लेख हाती लागत नाहीत. याला तोड म्हणून मी सगळा मजकूर एका तऱ्हेत आणून ठेवते. कुणाला ते काम दिसत नाही, आणि दिसावं असंही नाही, पण ते कुणीतरी केलं नाही तर लेख असून नसल्यासारखा.

वेळ लावून ठेवलेल्या लेखांचंही असंच. नरकचतुर्दशीला पहाटे साडेपाचला अंक खुला व्हावा म्हणून मी वेळ लावली होती. वर्डप्रेस स्वतः घड्याळाकडे बघत नाही. कुणी साइटवर आलं तरच ते आत डोकावून पाहतं की काही करायचं राहिलंय का. पहाटे सगळे अभ्यंगस्नानात, साइटवर कोण येणार? सातला संपादकांनी उघडून बघितलं तर त्यांना जुनंच पान. हे सर्व्हरवर एक ओळ टाकून कायमचं मिटवता येतं. पण त्यासाठीही होस्टिंगच्या खात्यात शिरावं लागतं, म्हणजे पुन्हा तीच किल्ली.

डिसेंबर २०१८ मध्ये लेख लिहिण्याची पद्धतच बदलली. प्रत्येक परिच्छेद वेगळ्या ठोकळ्यात लिहायचा. बहात्तर वर्षांच्या एका ग्रंथपालांनी जुनी पद्धत वहीत पायरीपायरीने उतरवून ठेवली होती, कुठलं बटण निळं, कुठलं उजवीकडे. ती वही एका रात्रीत निकामी झाली. जुनी पद्धत परत आणणारं प्लगिन मी बसवून दिलं, पण त्यांचा धीर खचला तो खचलाच. त्यानंतर नोंदी घालायला त्यांनी मला सांगायला सुरुवात केली.

या सगळ्यावर संस्थांचं उत्तर ठरलेलं असतं. "सॉफ्टवेअर फुकटचं आहे ना? मग दर वर्षी पैसे कसले?" गावची विहीर कुणाच्या मालकीची नसते, म्हणून गाळ आपोआप निघत नाही. उद्घाटनाला हजाराचे हार येतात, फोटो छापून येतो, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात साइटसाठी एक रुपयाची तरतूद नसते. डोमेनची मुदत संपली की नाव सुटतं आणि ते कुणीही घेऊ शकतं. एका शाळेचं असंच गेलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्गांचे फोटो माजी विद्यार्थ्यांनी शोधून शोधून पाठवले होते, त्या पत्त्यावर आता जुगाराची जाहिरात आहे. फोटो माझ्या बॅकअपमध्ये आहेत. पण पत्ता गेला, आणि त्या शाळेच्या जुन्या पुस्तिकांवर अजून तोच छापलेला आहे.

मी मागते ते फार नाही. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर हवं, सचिवांच्या भाच्याच्या नाही आणि माझ्याही नाही. ईमेल संस्थेचा, मोबाइल कार्यालयाचा. पासवर्ड पाकिटात बंद करून लोखंडी कपाटात. अंदाजपत्रकात 'संकेतस्थळ देखभाल' असं स्वतंत्र खातं, वीजबिलाशेजारी. आणि जे काम करतं, मग ती मी असेन किंवा दुसरं कुणी, त्याला वर्षाचे ठरलेले पैसे. हे सभेत मांडलं की लोक माना डोलावतात, आणि विषय पुढच्या सभेवर जातो.

त्या व्याख्यानमालेच्या वाचनालयाने मात्र यंदा केलं. भाच्याने सगळी खाती आनंदाने संस्थेच्या नावावर करून दिली, त्यालाही तो भार नकोच होता. वार्षिक सभा झाल्यावर सचिवांनी डेडस्टॉक रजिस्टर काढलं आणि लोखंडी कपाट, भिंतीवरचं घड्याळ, नव्वद खुर्च्या यांच्या खाली नवी ओळ आखली. वस्तूचं नाव लिहिलं 'वेबसाइट', नग १. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोमेन नूतनीकरणाची तारीख सांगितली, ती त्यांनी लाल शाईने लिहिली आणि खाली सही केली.