ऐंशी हजार म्हणजे किती क्रेट?

गेमिंग लॅपटॉपचा कुठलाही रिव्ह्यू उघडा. एसी खोली, काळं टेबल, मागे जांभळे-निळे दिवे आणि समोर एक चकाचक पोरगा: 'गाइज, धिस इज अ बीस्ट!' असेल बॉस, बीस्ट असेल. पण त्या खोलीत लाइट जात नाही, भिंतीवरच्या बोर्डात अर्थिंग नसतं असं होत नाही आणि व्होल्टेज पडल्यावर पंखा म्हातारा होत नाही. शिवाय तिथे लॅपटॉपची किंमत रुपयांत मोजतात. आमच्या घरी ती क्रेटमध्ये मोजतात!

आमचा मळा नारायणगावजवळ, तालुका जुन्नर. नारायणगाव म्हणजे टोमॅटोचं बडं मार्केट. एका क्रेटमध्ये वीस किलो माल. २०२३च्या जुलैमध्ये टोमॅटो आकाशाला भिडला, तेव्हा इथे क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला आणि नॅशनल चॅनलवाले कॅमेरे घेऊन बांधावर आले. त्या भावाने ऐंशी हजारांचा लॅपटॉप म्हणजे ४० क्रेट. पण हाच भाव दोनशेवर आला, की तोच लॅपटॉप ४०० क्रेटचा. मशीन तेच, ग्राफिक्स कार्ड तेच, घाम दहापट!

हा हिशेब माझा नाही, आमच्या नानांचा, म्हणजे माझ्या काकांचा. त्यांचा मुलगा छोट्या (सहा फूट उंच आहे, पण घरात छोट्याच) शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्दच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला आहे. त्याला हवा गेमिंग लॅपटॉप. नानांच्या बराखीत अजून कांदा पडून होता. आत्ता विकायचा की थांबायचं, या प्रश्नाला आता लॅपटॉप येऊन चिकटला होता. आणि घरात कॉम्प्युटरचं 'कळणारी' एकच, म्हणजे अस्मादिक. मास कॉमची डिग्री घेतली की नातेवाइकांना तुम्ही प्रिंटरपासून पॅनकार्डापर्यंत सगळ्यातले एक्स्पर्ट वाटता.

माझ्याकडे या वर्गातलं एक मशीन आहे. फ्रीलान्सिंगमधले व्हिडिओ एडिट करायला घेतलं आणि रात्री अकरानंतर त्याच्यावर जे काही चालतं त्याला मी 'स्ट्रेस मॅनेजमेंट' म्हणते. म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत हेच मळ्यावर न्यावं आणि खरीखुरी परीक्षा घ्यावी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. लेनोवोचं एलओक्यू, एचपीचं व्हिक्टस, आसूसचं टफ, एसरचं नायट्रो ही सगळी एकाच भावकीतली मंडळी. साधारण सत्तर ते नव्वद हजारांत सगळ्यांचे गुण-दोष सारखेच.

शंभर बाया आणि एक पैलवान

नानांचा पहिलाच बॉल यॉर्कर. 'साधा लॅपटॉप चाळीस-पन्नासात मिळतो म्हणतेस. मग ह्याच्यात एवढं सोनं काय लावलंय?'

मी खोडदच्या दिशेला बोट दाखवलं. नारायणगावला येणाऱ्या प्रत्येकाने त्या अवाढव्य तबकड्या पाहिलेल्या असतात. जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. आकाशातून येणारे सिग्नल या सगळ्या अँटेनांमधून गोळा करून त्यांची प्रचंड आकडेमोड करावी लागते. दुर्बिणीचं अपग्रेड झालं तेव्हा या कामाला ग्राफिक्स प्रोसेसरच जुंपले गेले. गेमिंग लॅपटॉपमध्ये असतं त्याच जातीचं हे जनावर, फक्त फार मोठं.

फंडा सोपा आहे. साधा प्रोसेसर अवघड काम एकापाठोपाठ एक झपाट्याने करतो. ग्राफिक्स कार्ड एकसारखी हजारो छोटी गणितं एकाच वेळी करतं. फुल एचडी स्क्रीनवर साधारण वीस लाख सत्तर हजार ठिपके असतात. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर दर सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो.

नाना एक मिनिट गप्प बसले. मग म्हणाले, 'म्हंजे कांदा काढायला एक पैलवान नको, शंभर बाया पाहिजेत.'

मास कॉमच्या दोन वर्षांत मला कुणी याच्याहून बरी व्याख्या दिली नव्हती!

रोजच्या कामाला कसं?

कामाला मस्त, हे आधी सांगून टाकते. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर ब्राउझरचे तीस टॅब, एक्सेल, व्हिडिओ एडिटिंग, सगळं लोण्यासारखं चालतं. छोट्याने त्याच्या कॉलेजच्या प्रोजेक्टची फाइल उघडली. कांद्याची प्रतवारी करणाऱ्या यंत्राचं थ्री-डी मॉडेल, शेकडो पार्ट्स. त्याच्या जुन्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते जरा फिरवलं की पडदा हँग. इथे त्याने ते माउसने गरागरा फिरवलं, आतला एकेक रोलर सुटा करून दाखवला. नाना खुर्ची पुढे ओढून बघायला लागले. 'ह्या फटीत छोटा कांदा अडकंल,' त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. बापलेकांनी त्या फटीवर पंधरा मिनिटं वाद घातला. आमच्या घरात इंजिनीअरिंगवर झालेली ही पहिली चर्चा.

आता दुसरी बाजू. हा 'लॅप'टॉप मांडीवर ठेवायचा नसतो. खालून हवा आत घेतो आणि मागून गरम वाफ सोडतो. गोधडीवर ठेवलात तर जाळी बंद, पंखे बेफाम आणि मशीन स्वतःचा जीव वाचवायला स्लो होतं. मळ्यातल्या धुळीत ती जाळी दर दोन-तीन महिन्यांनी साफ करून घ्यायलाच हवी.

वजन साधारण सव्वादोन-अडीच किलो. त्यात चार्जरची वीट धरा, की तीन किलो. एसटीत जागा मिळाली नाही आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर ही वीट खांद्याला शाप देते. बॅटरी साधारण ६० वॉट-अवरची असते. लिखाण, ब्राउझिंगला बारा-पंधरा वॉट लागले तर चार-पाच तास निघतात. गेम सुरू केला की तासाभरात राम म्हणायचं, आणि बॅटरीवर गेमचा वेगही निम्म्याखाली येतो. म्हणजे प्लग नाही, तर गेमिंग नाही.

स्क्रीनचं गणित दुकानदार सांगत नाही, म्हणून मी सांगते. या किमतीत बऱ्याच मॉडेल्समध्ये '४५ टक्के एनटीएससी' नावाचा पडदा असतो. अर्थ एवढाच, की रंग फिके. नारायणगावचा लालबुंद टोमॅटो त्याच्यावर आजारी केशरी दिसतो! फोटो-व्हिडिओचं काम असेल तर 'शंभर टक्के एसआरजीबी' असं लिहिलेलं मॉडेल शोधा.

खेळाचं काय?

छोट्याचा पहिला गेम कुठला? क्रिकेट ०७! २००६ मध्ये आलेला गेम आजही पोरं सोडत नाहीत. म्हटलं, बाबा, याला ऐंशी हजार नको, तुझं जुनं खटारं पुरे.

मग लावला 'राजी'. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला गेम. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, हातात देवांनी दिलेली शस्त्रं आणि समोर राक्षस. सगळी सेटिंग्ज फुल ठेवूनही मख्खन! काकू भाकऱ्या सोडून बघायला आल्या. जीटीए फाइव्ह, व्हॅलोरंट हेही आरामात. अगदी नवे वजनदार गेम असतील तर सेटिंग 'मीडियम'वर आणायचं आणि उगाच इगो दुखवून घ्यायचा नाही.

एक मेख लक्षात ठेवा. डब्यावर 'आरटीएक्स ४०५०' लिहिलंय म्हणजे सगळे ४०५० सारखे नसतात. हेच लॅपटॉप कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत चालतं, म्हणजे नाव एक आणि ताकद वेगवेगळी. दुकानात विचारा, 'ग्राफिक्स कार्ड किती वॉटचं?' दुकानदार गडबडला की समजा, प्रश्न बरोबर आहे.

नानांना खरी भीती वेगळीच होती. 'पैसं लावायचं खेळ तर नाही ना ह्याच्यात?' प्रश्न रास्त. मोबाइलवर रमीत पैसे घालवलेली पोरं प्रत्येक गावात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला. छोट्याचे गेम त्या जातीचे नाहीत. ते पैसा नाही, वेळ खातात. तेवढ्यावर लक्ष ठेवायला काकू समर्थ आहेत.

आणि हो, डाउनलोड! मोठा गेम सहज १०० जीबीचा असतो. रोज दोन जीबीचा मोबाइल पॅक असेल तर तो उतरायला ५० दिवस, तेही घरातल्या सगळ्यांनी रील्स बघणं सोडलं तर. मी पुण्यातल्या ब्रॉडबँडवर उतरवलेले गेम एक्स्टर्नल ड्राइव्हवर नेले, मग मळ्यावर फक्त छोटे अपडेट्स घ्यावे लागले.

मळ्यावरची लाइट

आता खरी परीक्षा. पंपांची थ्री फेज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली, की बिबट्याच्या धास्तीने बॅटऱ्या घेऊन, मोठ्याने बोलत, दोघा-तिघांनी दारं धरायला जायचं. त्या वेळी आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातला बल्ब मेणबत्ती होतो. माझ्या लॅपटॉपचं काय झालं? काहीही नाही! चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारा, आणि लाइट गेलीच तर पोटात बॅटरी. राउटर मात्र दर वेळी बंद पडला.

म्हणून 'याच पैशात डेस्कटॉप घे, डबल पॉवर मिळेल' हा पुण्यातला सल्ला इथे अर्धाच खरा. डेस्कटॉपला यूपीएस लागतो, आणि अवसरीच्या हॉस्टेलवर तो डोक्यावर घेऊन जाता येत नाही.

इन्व्हर्टरवर गेम खेळू का? जरूर खेळा, पण हिशेब बघा. गेम चालू असताना हे मशीन दीडशे वॉट सहज ओढतं. साधा पंखा ७५ वॉटचा. म्हणजे छोट्याचा एक गेम बरोबर घरातले दोन पंखे. मे महिन्याच्या रात्री हा प्रश्न गेमचा राहत नाही, भाऊबंदकीचा होतो. लाइट बिलाची काळजी मात्र करू नका. रोज दोन तास खेळलं तरी महिन्याला नऊ युनिट.

सगळ्यात गंभीर गोष्ट शेवटी. तिसऱ्या दिवशी चार्जिंग चालू असताना काकूंनी लॅपटॉपच्या पत्र्याच्या झाकणाला हात लावला आणि 'आई गं' म्हणून मागे घेतला. बारीक झिणझिण्या. दोष मशीनचा नव्हता. तीन पिनच्या चार्जरमधून गळणारा थोडासा करंट जमिनीत जायला हवा, आणि आमच्या बोर्डात तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती! त्या झिणझिण्यांनी सहसा जीव जात नाही. पण अर्थिंग नसलेल्या घरात उद्या फ्रिजमध्ये किंवा मोटारीत बिघाड झाला, तर तोच करंट माणसातून जाईल. लॅपटॉपने फक्त चुगली केली.

मग घ्यायचा की नाही?

फक्त कोडिंग, असाइनमेंट, सिनेमे आणि क्रिकेट ०७ असेल, तर घेऊ नका. १६ जीबीचा साधा, हलका लॅपटॉप घ्या आणि उरलेले पैसे बापाच्या खात्यात राहू द्या. थ्री-डी डिझाइन, व्हिडिओ किंवा रोजचं गेमिंग खरंच असेल, तर हा वर्ग पैसा वसूल आहे. 'आत्ता ८ जीबी घेऊ, पुढे वाढवू' हा जुना जुगाड सध्या विसरा, कारण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव कांद्यासारखे चढलेत.

हे मी नानांना जसंच्या तसं सांगितलं. थांबण्यात तोटा दोन्हीकडून होता. बराखीतल्या कांद्याला मोड येतात आणि इकडे रॅम महागते. नानांनी छोट्याला एकच प्रश्न विचारला, 'ते यंत्र खरंच बनवणार का?' छोट्या म्हणाला, 'पुढच्या वर्षी बराखीत लावून दाखवतो.' सगळ्यांसमोर दिलेला शब्द. मग ठरलं: निम्मा कांदा आत्ता विकायचा, एक पायरी खालचं कार्ड पण रॅम १६ जीबी, आणि निम्मा कांदा भावाची वाट बघत ठेवायचा.

मला वाटलं, आता नाना दुकानाचा नंबर मागणार. त्यांनी फोन लावला तो वायरमनला. खड्डा कुठे घ्यायचा, मीठ-कोळसा किती लागेल, सगळं फोनवरच ठरलं. तेव्हा दोस्तांनो, स्पेसिफिकेशन्स पाठ करण्याआधी घरातल्या बोर्डाची तिसरी पिन तपासून घ्या. आधी अर्थिंग, मग गेमिंग!